अढीतील केळी आणि शनिवारचा वाचनतास : ‘स्टोरीवीव्हर’वरील चित्रपुस्तकांचा अनुभव

चार ते आठ वर्षांच्या मुलांना आपल्याहून वेगळ्या लोकांची, वेगळ्या घरांची आणि वेगळ्या चालीरीतींची ओळख चित्रपुस्तकांतून करून द्यायची असेल, तर मराठी घरात हाताशी काय आहे, असा प्रश्न मला गेल्या दोन वर्षांत अनेक पालकांनी विचारला आहे. पुण्यातील आमच्या सोसायटीच्या सभागृहात दर शनिवारी संध्याकाळी मी मुलांसाठी एक तास वाचन घेते. बालवाडीतील नोकरी संपल्यावर सुरू केलेल्या या तासाला आता पंधरा-वीस मुले येतात, आणि त्यासाठी लागणारी निम्म्याहून अधिक पुस्तके मी ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरून घेते. या सेवेविषयी मी येथे लिहीत आहे ते याच एका अंगाने. वाचनसराव, विज्ञान, गणित अशा इतर कामांसाठीही ती वापरतात, पण तो माझ्या अनुभवाचा भाग नाही.

‘स्टोरीवीव्हर’ ही बंगळूरच्या ‘प्रथम बुक्स’ या ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या प्रकाशनसंस्थेची सेवा आहे. ही संस्था २००४ साली स्थापन झाली आणि ८ सप्टेंबर २०१५ रोजी, आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनी, तिने हे संकेतस्थळ सुरू केले. येथील पुस्तके क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याखाली दिलेली असल्यामुळे ती वाचायला, उतरवून (डाउनलोड करून) घ्यायला, छापायला आणि आपल्या भाषेत आणायलाही पैसे पडत नाहीत. मूळ लेखक, चित्रकार आणि भाषांतरकार यांची नावे मात्र द्यावी लागतात, आणि ते योग्यच आहे. तीनशेहून अधिक भाषांतील पुस्तके येथे आहेत, पण ती सगळी ‘प्रथम बुक्स’ने तयार केलेली नाहीत. दक्षिण आफ्रिकेतून चालणाऱ्या ‘आफ्रिकन स्टोरीबुक’ या उपक्रमाची पुस्तके येथे आहेत. केपटाऊनच्या ‘बुक डॅश’चीही आहेत, जेथे लेखक, चित्रकार आणि मांडणीकार स्वेच्छेने एकत्र बसून बारा तासांत एक चित्रपुस्तक पूर्ण करतात. माझ्या दृष्टीने या सेवेचे खरे मोल येथे आहे. केनियातील घराची गोष्ट केनियातील माणसाने आपल्याच मुलांसाठी लिहिलेली असते, आपण ती मागाहून वाचतो. परक्या वाचकाला काहीतरी दाखवायचे आहे, असा आव त्या गोष्टीत नसतो.

याचा प्रत्यय मला पहिल्यांदा आला तो केनियाच्या लेखिका उर्सुला नाफुला यांच्या, ‘आफ्रिकन स्टोरीबुक’मधील एका गोष्टीमुळे. त्या गोष्टीतील आजीच्या बागेत ज्वारी आहे, कसावाचे कंद आहेत आणि सगळ्यात उत्तम म्हणजे केळी आहेत. आजी आपल्या लाडक्या नातवंडाला सगळी गुपिते सांगते, फक्त हिरवी केळी ती कोठे पिकवते एवढे सांगत नाही. टोपली, केळीची पाने यांविषयी विचारले की ही जादूची टोपली आहे, ही जादूची पाने आहेत, एवढेच उत्तर मिळते. पुढे एके दिवशी पिकलेल्या केळ्यांचा वास घरभर पसरतो आणि जुन्या घोंगडीखाली लपवलेली टोपली सापडते. मग एक केळे जाते, दुसऱ्या दिवशी आणखी जातात, आणि बाजाराचा दिवस उजाडतो.

मी ही गोष्ट मुलांना मराठीत सांगत वाचत होते. घोंगडीचे पान उघडताच रत्नागिरीला आजोळ असलेली सात वर्षांची मुलगी एकदम उभी राहिली आणि म्हणाली, “आजी, ही तर अढी आहे!” बाकीच्या मुलांना अढी म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. मग तिनेच समजावून सांगितले, की आजोबा माळ्यावर भाताचा पेंढा पसरतात, त्यावर हापूस मांडतात, वर पुन्हा पेंढा घालतात, आणि अढीत हात घालायचा नाही अशी सक्त ताकीद असते, पण वास आला की राहवत नाही. रावेरला मामाची बाग असलेला एक मुलगा म्हणाला, की आमच्याकडे केळी घरात पिकवत नाहीत, घडच्या घड ट्रकमध्ये भरून जातात. पंधरा मिनिटे पुस्तक तसेच उघडे राहिले आणि आम्ही पिकण्याच्या वासाबद्दल बोलत बसलो. नंतर त्या रत्नागिरीच्या मुलीनेच मला विचारले, “पण ही आजी एवढी का रागावली? माझे आजोबा तर हसतात.” तिच्या शेजारी बसलेल्या मुलाने उत्तर दिले, “कारण तिला ती विकायची होती.”

मी अनेक वर्षे लहान मुलांना शिकवले आहे, तरी दुसऱ्या समाजाचे जगणे मुलांना कळण्याचा हा क्रम मी इतका स्वच्छ कधी पाहिला नव्हता. आधी त्यांना सारखेपणा सापडला, त्या सारखेपणाच्या आधाराने त्यांनी गोष्टीत पाय टाकला, आणि आत गेल्यावर त्यांना स्वतःहून फरक दिसला, तोही पोशाखाचा नाही, पोटापाण्याचा. आपली अढी घरच्यांसाठी असते, त्या आजीची टोपली बाजारासाठी आहे. हे मी शिकवले असते तर मुलांनी जांभया दिल्या असत्या. अमेरिकेतील अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली लिहिलेल्या एका छोट्या निबंधात पुस्तकांना आरसे, खिडक्या आणि सरकती काचेची दारे म्हटले आहे, आणि प्रकाश नेमका पडला की खिडकीचाही आरसा होतो, असेही नोंदवले आहे. बालसाहित्याच्या चर्चेत आरसा आणि खिडकी या दोन शब्दांचा आता फार वापर होतो, परंतु प्रकाशाबद्दलचे ते पुढचे वाक्य सहसा गाळले जाते. त्या शनिवारी मला ते वाक्य आठवले.

तुलनेसाठी दुसरा एक अनुभव सांगणे आवश्यक आहे. त्याच्या काही महिने आधी मी दुकानातून जगातील मुलांची ओळख करून देणारा एक देखणा संच विकत आणला होता. प्रकाशकाचे नाव येथे महत्त्वाचे नाही, कारण या धाटणीची पुस्तके अनेक जण काढतात. प्रत्येक पानावर एक देश, एक मुलगा किंवा मुलगी, पारंपरिक वेश, एक पदार्थ आणि एक सण अशी त्याची मांडणी होती. जपानच्या पानावर किमोनो आणि कंदील, हॉलंडच्या पानावर लाकडी बूट, केनियाच्या पानावर भाला आणि मण्यांच्या माळा. मुले पाने भराभर उलटत होती. भारताचे पान आले तेव्हा त्यावर फेटा बांधलेला मुलगा, हत्ती आणि मागे महाल असे चित्र निघाले. मुले गप्प झाली. “हे आपण नाही,” असे एक जण म्हणाला. दुसऱ्याने विचारले, की मग आपली शाळा कोठे आहे, आपली बिल्डिंग कोठे आहे. मी एवढेच विचारले, की हे पान जर आपले नाही, तर केनियाच्या मुलांना त्यांचे पान आपले वाटत असेल का. त्या प्रश्नावर मुलांनी जो विचार केला तो मोलाचा होता, आणि तेवढ्यापुरता तो संच उपयोगी ठरला असे म्हणता येईल. परंतु सण, वेश आणि पदार्थ यांचे असे प्रदर्शन मांडणारी पुस्तके मी त्यानंतर वाचनतासात आणलेली नाहीत. वर्षातून एकदा घातलेल्या कपड्यांवरून कोणाचाही रोजचा दिवस कळत नाही.

आता भाषेविषयी. ‘स्टोरीवीव्हर’वर एखादे पुस्तक उघडले की ते आणखी कोणकोणत्या भाषांत उपलब्ध आहे हे तेथेच दिसते, आणि त्यातील हवी ती आवृत्ती उतरवून घेता येते. आमच्या सोसायटीच्या पहारेकऱ्याचे कुटुंब नेपाळचे आहे. त्यांची सहा वर्षांची मुलगी मराठी शाळेत जाते आणि शनिवारी येऊन भिंतीला टेकून बसते. पहिले दोन महिने ती एक शब्दही बोलली नव्हती. मी एकच पुस्तक मराठीत आणि नेपाळीत छापून आणले आणि दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवल्या. नेपाळी देवनागरीत लिहिली जाते, म्हणून नुकतीच वाचू लागलेली आमची मुले परकी भाषा स्वतः मोठ्याने वाचू शकली, आणि ते पाहून मुले स्वतःच थक्क झाली. घर, पानी, भात, हात हे शब्द त्यांना आपलेच वाटले, माछा म्हणजे मासा हे त्यांनी ओळखले, कुकुर म्हणजे कुत्रा हे चित्रावरून कळले. ‘हजुरआमा’ या शब्दाला मात्र सगळे अडले. तेव्हा भिंतीपाशी बसलेली मुलगी प्रथमच बोलली, “आजी. हजुरआमा म्हणजे आजी.” त्या दिवसापासून निम्मी मुले मला हजुरआमा म्हणतात. दोन आठवड्यांनी तिचे वडील रात्रपाळीवर जाण्याआधी अर्धा तास आले आणि त्यांनी ते पुस्तक मुलांना नेपाळीत वाचून दाखवले. त्यांचा आवाज सुरुवातीला थरथरत होता. सोसायटीतील मुलांनी तोपर्यंत त्यांना फाटक उघडतानाच पाहिले होते.

परक्या संस्कृतीचा विषय निघाला की आपण दूरच्या देशांकडे पाहतो, पण माझ्या वाचनतासातील परकेपणा बहुतेक वेळा जिन्यात किंवा फाटकापाशीच असतो. त्यामुळे ज्या सेवेत इंग्रजी, हिंदी, मराठी यांच्या बरोबरीने नेपाळी, कोंकणी आणि संथाळीतही पुस्तके मिळतात, तिचे महत्त्व मला आणखी वाटते. एका लिपीतील दोन भाषा शेजारी ठेवण्याचा हा प्रयोग देवनागरी वाचणाऱ्या प्रत्येक घरात करण्याजोगा आहे आणि त्यासाठी शिक्षकाला ती भाषा यायला हवी असेही नाही.

भाषांतराबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण या सेवेचे बळ आणि तिची जोखीम दोन्ही तेथे आहेत. येथे नोंदणी केलेला कोणीही वाचक भाषांतर करू शकतो. मी स्वतः सरावासाठी पूर्व आफ्रिकेतील एका घराच्या जेवणाची गोष्ट मराठीत आणली तेव्हा ‘उगाली’ या शब्दापाशी थांबले. उगाली म्हणजे उकळत्या पाण्यात मक्याचे पीठ घालून घोटून केलेला घट्ट गोळा. त्याचा घास हाताने तोडतात, बोटांत वळतात, अंगठ्याने खळगा पाडतात आणि त्यात भाजी उचलून खातात. मुलांना पटकन कळावे म्हणून मी ‘भाकरी’ लिहिले. शनिवारी वाचताना पाच वर्षांच्या मुलाने चित्रावर बोट ठेवून विचारले, “भाकरी कुठे आहे? इथे तर ढीग आहे.” चित्रपुस्तकात चित्र नेहमी शब्दाची परीक्षा घेते, आणि मुले चित्रे आपल्यापेक्षा बारकाईने पाहतात. मी तो शब्द बदलून ‘उगाली’च ठेवला आणि पुढच्या वाक्यात “मक्याच्या पिठाची घट्ट उकड” असे घातले. पुढील शनिवारी घरून ती करून आणली, सोबत पालेभाजी. मुलांनी अंगठ्याने खळगे पाडले, बरेच सांडले, काहींना चव आवडली नाही. कर्नाटकातील मंड्याहून आलेल्या कुटुंबातील एक मुलगी म्हणाली, की तिच्या घरी नाचणीचे ‘मुद्दे’, म्हणजे नाचणीच्या पिठाचे उकडलेले गोळे, अगदी असेच करतात. शब्द मी भाकरीच ठेवला असता तर ‘मुद्द्यां’ची ही आठवण निघालीच नसती.

म्हणून माझा आग्रह असा आहे, की मराठी आवृत्ती मुलांपुढे नेण्याआधी मोठ्यांनी एकदा स्वतः वाचावी आणि शक्य असल्यास मूळ किंवा इंग्रजी आवृत्तीशी ताडून पाहावी. स्वयंसेवी भाषांतरांचा दर्जा सारखा असणे शक्य नाही. काही इतकी सहज आहेत की ती गोष्ट मराठीतच सुचली असे वाटते, काही वाक्ये वाचताना जीभ अडखळते. नावे, नाती आणि पदार्थ बदलले आहेत का, हे मी सर्वांत आधी पाहते. आफ्रिकेतील गोष्टीतल्या सिझ्वे या मुलाचा संजय झाला तर गोष्ट वाचायला सोपी होते, पण मग ती कोणाची गोष्ट आहे हे मुलांना कळत नाही. अनोळखी नाव उच्चारायला मुलांना त्रास होत नाही, उलट ती ते चघळतात. त्रास आपल्याला होतो.

या सिझ्वेची गोष्ट ‘बुक डॅश’ची आहे. एका मुलाचे हसू दिवसभरात एकाकडून दुसऱ्याकडे कसे जाते, एवढाच तिचा विषय आहे. ती मी मुद्दाम निवडली, कारण तोपर्यंत माझ्या निवडीत एक चूक होत होती. आफ्रिकेतील गोष्टी शोधताना मी लोककथा आणि प्राण्यांच्या कथाच जास्त उचलल्या होत्या. त्या सुंदर आहेत, पण चार-पाच शनिवार तेच वाचल्यावर एका मुलाने सहज विचारले, की आफ्रिकेत माणसे कोठे राहतात. तेथून पुढे मी एक नियम केला आहे. कोणत्याही प्रदेशाची एक लोककथा वाचली की त्याच प्रदेशातील आजच्या मुलाची, रस्त्याची, शाळेची किंवा दुकानाची एक गोष्ट वाचायची, आणि भिंतीवरच्या नकाशात देशाचे नाव वाचायचे, खंडाचे नाही. हे काम संकेतस्थळ आपल्यासाठी करत नाही. पुस्तके भाषा, वाचनपातळी आणि विषय यांनुसार शोधता येतात, पण कोणती दोन पुस्तके शेजारी ठेवावीत याचा विचार वाचणाऱ्यालाच करावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. माझा शुक्रवारचा एक तास त्यात जातो.

वाचनपातळ्या चार आहेत. पहिलीत मोजके, पुन्हा पुन्हा येणारे शब्द असतात आणि चौथीत दीड हजारांहून अधिक शब्दांच्या गोष्टी असतात. मोठ्याने वाचून दाखवायचे असेल तर पातळीचे फार बंधन मानू नये. पाच वर्षांची मुले तिसऱ्या पातळीची गोष्ट आनंदाने ऐकतात. मात्र मुलाने स्वतः वाचायचे असेल तर पहिली आणि दुसरी पातळीच योग्य.

छपाईबाबत एक गोष्ट पालकांनी अवश्य लक्षात घ्यावी. मी पहिल्यांदा आमच्या भागातील एका दुकानातून पुस्तके रंगीत छापून घेतली, तेव्हा साध्या पातळ कागदावर शाई इतकी गडद उतरली की गोष्टीतील माणसांचे चेहरे काळे ठिपके झाले, डोळे आणि ओठ दिसेनात. पडद्यावर त्याच चेहऱ्यांवर तपकिरी रंगाच्या चार-पाच छटा होत्या. एका मुलाने “यांची तोंडं का नाहीत?” असे विचारले तेव्हा मला फार वाईट वाटले, कारण ज्या माणसांची ओळख करून द्यायची त्यांचा चेहराच आपण पुसून टाकला होता. त्या प्रती मी पुन्हा वापरल्या नाहीत. आता जाड, पांढऱ्या कागदावर आधी एक पान छापून पाहते, छपाई थोडी फिकट ठेवायला सांगते आणि मगच उरलेली पाने घेते. आमच्याकडे रंगीत पानाला दहा रुपये पडतात, म्हणजे सोळा पानांचे पुस्तक दीडशेच्या पुढे जाते. सेवा मोफत असली तरी कागदावरचे पुस्तक मोफत पडत नाही, हे धरून चालावे. तरीही लहान मुलांच्या गटासाठी मी मोबाईलऐवजी कागदच सुचवेन, कारण पानावर बोट ठेवता येते आणि मागचे पान पुन्हा काढून दाखवता येते.

त्या नव्या प्रती आल्यावर त्वचेच्या रंगाबद्दल मुलांनी उघडपणे विचारले, आणि मी विषय टाळला नाही. हे सगळे काळे का आहेत, असे एका मुलाने विचारताच दरवर्षी आजीसोबत पालखी पाहायला जाणारी मुलगी म्हणाली, “विठोबापण काळाच आहे.” यावर कोणाला काही शंका उरली नाही. मोठ्यांनी अशा वेळी घाईने गप्प करू नये, असे मला मनापासून वाटते. लहान मूल रंग पाहते आणि बोलते, त्यात दोष नसतो. आपण ओशाळलो की त्याला कळते, की येथे काहीतरी लाजिरवाणे आहे.

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी लेखक, चित्रकार आणि भाषांतरकार यांची नावे आणि परवान्याची माहिती देणारे पान असते. छपाईचा खर्च वाचवण्यासाठी अनेक जण ते गाळतात. ते गाळू नये. परवान्याची अट म्हणून तर नाहीच, पण वाचनाचा भाग म्हणूनही नाही. आमच्याकडे गोष्ट संपली की एक मूल ती नावे मोठ्याने वाचते.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी एकदम वीस पुस्तके उतरवून घेऊ नयेत. एक गोष्ट आपल्या शेजारच्या कुटुंबाच्या भाषेतील, एक दूरच्या देशातील रोजच्या घराची आणि एक आपल्याच गावच्या मुलांची, अशा तीन गोष्टी महिनाभर पुरतात, कारण मुलांना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा हवी असते. आजीच्या केळ्यांची गोष्ट आम्ही आतापर्यंत सहा वेळा वाचली आहे आणि प्रत्येक मे महिन्यात ती पुन्हा मागितली जाते. तीन वर्षांच्या आतील मुलांसाठी मात्र मी ही सेवा सुचवणार नाही. त्या वयात पाने तोंडात जातात, त्यांना जाड पुठ्ठ्याची पुस्तकेच द्यावीत, आणि घरी छापलेला कागद तेथे एक दिवसही टिकत नाही.